एसयूव्हीचे टायर : पॅसेंजर की लाइट ट्रक?

एसयूव्हीचे पहिले टायर झिजले की मालकाला एक प्रश्न पडतो, जो हॅचबॅकवाल्याला सहसा पडत नाही. गाडीबरोबर आले त्याच जातीचे पॅसेंजर टायर पुन्हा घालायचे, की 'दणकट' म्हणून सांगितले जाणारे लाइट ट्रक जातीचे, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत 'एलटी' टायर घ्यायचे? थार, जिमनी, गुरखा, फॉर्च्युनर यांचे मालक एकत्र आले की यावर तट पडतात. 'कंपनीने दिले तेच बरे' म्हणणारे एकीकडे, 'एकदा एलटी घालून बघा' म्हणणारे दुसरीकडे. वाद मूळचा आपला नाही. अमेरिकेत तो अनेक दशकांपूर्वी सुरू झाला, तिथल्या एका मोठ्या दुर्घटनामालिकेने त्याला धार आली आणि एसयूव्ही वाढल्या तसा तो आपल्याकडेही पोचला. दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखे बरेच आहे. मात्र टायरमधल्या हवेबद्दल दोन्हीकडचे लोक कमी बोलतात, आणि माझ्या मते वादाची खरी गाठ तिथेच आहे.

टायरच्या कडेवर काय लिहिलेले असते

दोन टायर शेजारी उभे करू. एकाच्या कडेवर '२६५/७० आर१७ ११५ टी' असे आहे. रुंदी २६५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ७० टक्के, रचना रेडियल, रिम १७ इंची. ११५ हा भारांक, म्हणजे टायरला १२१५ किलो पेलता येतात. 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग. अमेरिकेत या आकड्यांआधी 'पी' हे अक्षर येते. आपल्याकडे युरोपीय धाटणीचे टायर जास्त, त्यांवर पुढे काहीच नसते.

दुसऱ्यावर 'एलटी २६५/७० आर१७ १२१/११८ एस' असे आहे, आणि बारीक अक्षरांत लोड रेंज ई. इथे भारांक दोन आहेत. पहिला एकेरी चाकासाठी, १४५० किलो. दुसरा मागे जोडचाके असतील तेव्हाचा, प्रत्येकी १३२० किलो. 'एस' म्हणजे १८० किलोमीटर. मोजमाप तेच, रिम तीच, पण दुसरा टायर हातात घेतला तर बहुधा चार-पाच किलो जड लागतो. त्याच्या पोटातले थर जाड असतात, कड ताठ असते आणि नक्षी खोल असते. नव्या पॅसेंजर टायरची नक्षी साधारण आठ-नऊ मिलिमीटर खोल, तर खडबडीत वापराच्या एलटीची बारा-तेरा किंवा त्याहून जास्त.

भारतात हीच दोन अक्षरे आकड्यांच्या शेपटालाही दिसतात. टाटा एस या छोट्या टेम्पोच्या चाकावर '१४५ आर१२ एलटी ८पीआर' असे वाचायला मिळते. म्हणजे भाजी आणि सिलिंडर वाहणारी गाडी वर्षानुवर्षे एलटीवरच धावते आहे, तिच्या मालकाला त्याचे कौतुक नाही.

एक गोंधळ इथेच दूर करायला हवा. ए/टी, एच/टी, एम/टी ही अक्षरे नक्षीबद्दल बोलतात: सर्व प्रकारच्या वाटांसाठी, हमरस्त्यासाठी, चिखलासाठी. टायर पॅसेंजर जातीचा आहे की एलटी, याचा त्यांच्याशी थेट संबंध नाही. योकोहामाचा जिओलँडर ए/टी दोन्ही जातींत मिळतो. बीएफ गुडरिचचा केओ२ बहुतांशी एलटी मापांत येतो. 'ए/टी घातले' म्हणणारा माणूस एलटीवाला असेलच असे नाही, आणि ऐकीव अनुभवांची निम्मी सरमिसळ यातूनच होते. एकाने पॅसेंजर जातीच्या ए/टीचा अनुभव सांगायचा आणि दुसऱ्याने तो एलटीचा समजून गाठीला बांधायचा, असे चाललेले असते.

जीपपासून एक्स्प्लोररपर्यंत

आपल्याकडच्या जुन्या जिपा ६.००-१६ मापाच्या बायस टायरवर चालत. पश्चिम महाराष्ट्रातल्या वडापमध्ये आत, मागे आणि फुटबोर्डावर माणसे भरली जात, आणि टायर अमुक जातीचा का, असे कोणी विचारत नसे. टायरवर ६पीआर, ८पीआर असे लिहिलेले असे. सुती धाग्यांच्या काळात ती थरांची खरी संख्या होती. नायलॉन आणि पोलाद आल्यावर ती फक्त ताकदीची पायरी उरली. लोड रेंज सी म्हणजे सहा प्लायची ताकद, डी म्हणजे आठ, ई म्हणजे दहा. आत दहा थर शोधायला गेलात तर सापडणार नाहीत.

पॅसेंजर आणि लाइट ट्रक अशी काटेकोर फाळणी पक्की झाली ती अमेरिकेत, १९७०च्या दशकात. त्याच दशकात तिथे दोन गोष्टी घडल्या. कारच्या टायरसाठी पी-मेट्रिक ही मापनपद्धत रुळली. आणि १९७५च्या इंधनबचतीच्या कायद्यानंतर मोटारींना कडक आणि लाइट ट्रकना सैल मर्यादा लागू झाल्या. कागदोपत्री ट्रक आणि वापरात कुटुंबाची मोटार, अशा गाड्यांना त्यातून चांगला वाव मिळाला. तीच आजची एसयूव्ही. गिऱ्हाईक कारमधून उतरून हिच्यात बसत होते, त्याला गुळगुळीत चाल हवी होती. म्हणून कंपन्यांनी हिला कारचे टायर दिले.

नियमकर्त्यांना यातली विसंगती दिसत होती. तिथल्या सुरक्षा नियमांत म्हणूनच एक वजावट आहे: कारचा टायर एसयूव्हीला, पिकअपला किंवा ट्रेलरला लावला तर त्याची भारक्षमता १.१० ने भागायची. कारसाठी १२१५ किलो पेलणारा टायर एसयूव्हीखाली सुमारे ११०५ किलोचा धरायचा.

पुढे आले फोर्ड एक्स्प्लोरर आणि फायरस्टोनचे प्रकरण. या वादातल्या निम्म्या भीतीचे मूळ तिथे आहे. १९९०मध्ये बाजारात आलेली एक्स्प्लोरर अमेरिकेतली सर्वाधिक खपाची एसयूव्ही ठरली. तिच्यावर पी २३५/७५ आर१५ मापाचे फायरस्टोन टायर असत आणि फोर्डची शिफारस होती २६ पीएसआय हवेची. वेगात असताना टायरची नक्षी पट्ट्यापासून सुटून निघायची आणि गाडी उलटायची. टेक्सास, ॲरिझोना, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांत हे प्रमाण जास्त होते. फेब्रुवारी २०००मध्ये ह्यूस्टनच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीने त्याला वाचा फोडली. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोनने ६५ लाख टायर परत बोलावले. तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने या टायरांशी जोडलेल्या मृत्यूंची संख्या अखेर २७० च्या वर नेली. फायरस्टोन म्हणे, हवा कमी सांगितली आणि गाडीच उलटणारी आहे. फोर्ड म्हणे, याच गाडीवर, याच हवेवर गुडइयरचे टायर नीट चालले, दोष तुमच्या टायरचा. मे २००१मध्ये जवळपास शंभर वर्षांचा दोघांचा संबंध तुटला. फायरस्टोनने नेमलेले बर्कलेचे प्राध्यापक संजय गोविंदजी यांच्या अहवालातही एकच गुन्हेगार सापडला नाही; हवामान, वेग, गाडी, टायरची रचना आणि विशिष्ट कारखान्यातले उत्पादन अशी कारणे एकत्र आलेली होती.

एलटीचे समर्थक हे उदाहरण 'एसयूव्हीला कारचा टायर घातला की असे होते' म्हणून सांगतात. नोंदी तेवढे सांगत नाहीत. त्याच जातीचे दुसऱ्या कंपनीचे टायर तिथे टिकले. पण कमी हवा, जास्त भार, कडक ऊन आणि सलग वेग एकत्र आले की टायरला सहन करायला जागा किती कमी उरते, हे त्या प्रकरणाने दाखवले, आणि तो धडा दोन्ही जातींना लागू आहे.

कायदा मात्र बदलला. नोव्हेंबर २०००मध्ये तिथे 'ट्रेड' नावाचा कायदा झाला. त्यातून आलेल्या नव्या मानकाने, २००७पासून, पॅसेंजर टायर आणि लोड रेंज ई पर्यंतचे एलटी टायर प्रथमच एका छत्राखाली आणले आणि वेग-टिकाऊपणाच्या चाचण्या कडक केल्या. टायरमधली हवा दाखवणारी टीपीएमएस यंत्रणा सक्तीची झाली तीही याच कायद्यामुळे. म्हणजे 'पॅसेंजर टायर म्हणजे कच्चा' हे समीकरण १९९०च्या दशकात जितके खरे वाटले असेल तितके आज राहिलेले नाही.

आपल्याकडचे नियम

भारतात २००९च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने टायरवर आयएसआय चिन्ह सक्तीचे केले. पॅसेंजर गाड्यांच्या टायरसाठी आयएस १५६३३ आणि व्यापारी वाहनांच्या टायरसाठी आयएस १५६३६ अशी वेगळी मानके आहेत. आयात केलेल्या एलटीवरही चिन्ह पाहून घ्यावे. २०२२मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने एआयएस-१४२ लागू केले. लोळण्याचा अवरोध (रोलिंग रेझिस्टन्स), ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज या तिन्हींच्या मर्यादा नव्या रचनांना १ ऑक्टोबर २०२२पासून, तर जुन्या रचनांना २०२३मध्ये बंधनकारक झाल्या. यात टायरचे तीन वर्ग आहेत: सी१ म्हणजे पॅसेंजर, सी२ म्हणजे लाइट ट्रक, सी३ म्हणजे ट्रक-बस. ही विभागणी युरोपातून आली आहे.

हा विषय महाराष्ट्राला परका नाही. थार आणि बोलेरो नाशकात बनतात, स्कॉर्पिओ-एन चाकणला, गाड्यांच्या मान्यतेच्या चाचण्या घेणारी एआरएआय पुण्यात. सीएटचा कारखाना नाशकात, ब्रिजस्टोनचा चाकणला, गुडइयरचा छत्रपती संभाजीनगरला, एमआरएफचा गोव्यात उसगावला. तरी दुकानात टायर घेणाऱ्याला ही सगळी माहिती एका जागी कोणी सांगत नाही. त्याला भाव, सूट आणि 'अलाइनमेंट फ्री' एवढेच कळते.

भार कोण पेलतो

आता गाठीच्या मुद्द्याकडे. गाडीचे वजन रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. टायरचे कवच हवेला धरून ठेवते. जाड कवच जास्त हवा धरू शकते, म्हणून जास्त भार पेलू शकते. पण जास्त हवा भरलीच नाही, तर जाड कवचाचा भार पेलायला काही उपयोग नाही.

वरच्याच दोन टायरांचे आकडे पाहा. पॅसेंजर टायर १२१५ किलो पेलतो ३६ पीएसआयवर. एलटी १४५० किलो पेलतो, पण ८० पीएसआयवर. तोच एलटी ५० पीएसआयवर ११२० किलोचा असतो. म्हणजे अमेरिकी वजावटीनंतर पॅसेंजर टायर ३६वर जेवढे पेलतो, जवळपास तेवढ्यासाठी एलटीला ५० लागतात. आणि एलटीमध्ये ३५ भरले तर तो ९०० किलोच्याही खाली येतो. 'दणकट' टायर घालून हवा जुन्याच आकड्यावर ठेवली तर गाडीची भारक्षमता वाढत नाही, घटते.

पेट्रोल पंपावरचे दृश्य सर्वांनी पाहिलेले आहे. डिजिटल मशीनवर आधीच्या गाडीचा आकडा तसाच असतो, पोरगा विचारतो 'पस्तीस ना?', आपण मान हलवतो, यंत्र टिटटिट करते आणि आपण निघतो. पॅसेंजर टायरला हे बहुधा चालून जाते. एलटी घातलेल्या, आत सात माणसे आणि कॅरियरवर बॅगा बांधलेल्या गाडीला, मे महिन्यात विदर्भात, समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर ताशी १२० ने, ते चालून जाईलच असे नाही. टायर फुटण्याच्या घटनांमुळे त्या महामार्गावर टायर तपासायच्या मोहिमा घ्याव्या लागल्या. तिथे पाहिले जाते ते मुख्यतः टायर गुळगुळीत झालेत का. आत हवा किती आहे आणि टायरच्या जातीला ती पुरेशी आहे का, हे पाहणे ज्याच्या त्याच्यावर सोडलेले आहे.

पॅसेंजर टायरची बाजू

गाडी बनवणाऱ्याने तिच्या स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर, ब्रेक, एबीएस, स्टिअरिंग सगळे एका विशिष्ट टायरवर जुळवलेले असते. बोलेरो २१५/७५ आर१५वर, स्कॉर्पिओ-एन २५५/६० आर१८वर, फॉर्च्युनर २६५/६० आर१८वर. दर चाकामागे चार-पाच किलो वाढले की चाल जड होते, खड्ड्यात आदळण्याचा आवाज आत येतो, निघायला आणि थांबायला जास्त जोर लागतो, मायलेज घटते. खोल नक्षीचे मोठे ठोकळे कोरड्या डांबरावर लवतात आणि ओल्या रस्त्यावर पकड मिळायला वेळ घेतात. एलटीची वेगमर्यादा बहुधा कमी असते, किंमत जास्त.

या बाजूचा सर्वांत मजबूत युक्तिवाद वापराचा आहे. पुण्यातली किंवा ठाण्यातली एसयूव्ही वर्षातले बहुतेक दिवस कार म्हणूनच धावते. वर्षातून एकदा हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला जाण्यासाठी उरलेले सगळे दिवस ताठ टायरवर काढायचे का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. कोकणच्या पुळणीवर गाडी घालणाऱ्यांनी तर टायरआधी भरतीचे वेळापत्रक पाहावे.

एलटीची बाजू

दुसरी बाजूही पोकळ नाही. रस्त्याच्या कामावर पसरलेली ताजी काळी खडी, जांभ्याचे चिरे, शेताच्या बांधावरचे खुंट, लडाखच्या नाल्यांतले दगड यांचा घाव नक्षीवर कमी आणि कडेवर जास्त बसतो. नक्षीतले पंक्चर दहा मिनिटांत निघते. कड फाटली तर तो टायर गेला. ट्यूबलेसच्या काळात कडेचा कट ही स्टेपनी काढायची वेळ, आणि दुसरा कट लागला तर टोचन करायची. काही एलटी टायरांच्या कडेत दोनाऐवजी तीन थर असतात, वर रबरही जाड. खोल नक्षी कच्च्या रस्त्यावर जास्त दिवस टिकते. चिखलात, वाळूत हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवून टायर पसरवता येतो, तेव्हा ताठ कड रिमवर टिकून राहते.

ट्रेलर ओढणारे, छतावर तंबू आणि मागे पाण्याच्या टाक्या घेऊन महिनोन् महिने फिरणारे, खाणीत किंवा वनखात्याच्या वाटांवर रोज जाणारे, दूध-भाजी गाडीत भरणारे शेतकरी, यांना एलटीची गरज नाही असे कोणताही जाणकार म्हणत नाही. ज्या गाडीला कंपनीनेच एलटी दिला आहे, तिला पैसे वाचवायला पॅसेंजर टायर घालू नये यावरही सर्वांचे एकमत आहे. वाद उरतो तो उलट्या प्रवासाचा.

खड्ड्यांबद्दल एक खुलासा. 'टायरला फुगा येतो म्हणून एलटी घेतला' हे कारण वारंवार ऐकू येते. कड जाड असली की थोडा फायदा होतोच, पण कडेची उंची त्याहून मोठा फरक पाडते. थारच्या २४५/७५ आर१६ टायरची कड १८४ मिलिमीटर उंच आहे आणि २५५/६५ आर१८ची १६६. खड्ड्याच्या धारेने टायर चेपून रिमला टेकतो तेव्हा मधले अंतर वाचवते. मोठ्या रिमा हौसेने घालायच्या आणि मग फुग्यांवर उपाय म्हणून एलटी शोधायचा, हा उलटा प्रवास आहे.

मधली वाट

दोहोंच्या मध्ये एक्सएल, म्हणजे वाढीव भाराचे पॅसेंजर टायर आहेत. साधा टायर ३६ पीएसआयवर पूर्ण भार घेतो, एक्सएल ४२वर. कवच थोडे दणकट, पण वजन आणि चाल पॅसेंजरच्या जवळची. एक्सएलमध्ये ए/टी नक्षीही मिळते. गाडी जास्त करून शहरात चालवणाऱ्या आणि अधूनमधून गावाकडच्या कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्याला ही वाट परवडते. हवेचा नियम इथेही तोच आहे: एक्सएल घालून हवा जुनी ठेवली तर भारात काहीच कमावले नाही.

एक माप नाही

दोन जातींची तुलना करायला गिऱ्हाईकाकडे समान मोजपट्टी नाही, आणि माझ्या मते हा या क्षेत्रातला सर्वांत मोठा उणेपणा आहे. अमेरिकेत टायरवर झीज, पकड आणि उष्णता यांची श्रेणी छापलेली असते, पण ती फक्त पॅसेंजर टायरवर. एलटीला त्यातून सूट आहे. युरोपच्या लेबलवर सी१ आणि सी२ दोन्ही येतात, पण प्रत्येक वर्गाची पायरी वेगळी आखलेली आणि चाचणीचा संदर्भ-टायरही वेगळा. सी१चा 'ए' आणि सी२चा 'ए' शेजारी ठेवून काही कळत नाही. आपले एआयएस-१४२ किमान मर्यादा घालते. एखादा टायर त्या मर्यादेच्या किती वर आहे, हे त्यावरून समजत नाही.

म्हणून 'एलटी घातल्यावर मायलेज अमुक घटले' हे सांगणे मालकामालकाचे वेगळे निघते. कोणी एच/टी नक्षीचा हलका सी रेंज एलटी घातलेला असतो, कोणी एम/टीचा ई रेंज. कोणी मापही वाढवलेले असते, त्यामुळे किलोमीटर मोजणारा आकडाच चुकतो. त्यातून सरासरी काढण्यात अर्थ नाही.

न सुटलेले प्रश्न

पहिला हवेचा. बदललेल्या एलटीत किती भरायची? टायर उद्योगाची मार्गदर्शक पद्धत सांगते की दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या हवेत मूळ टायर जेवढा भार पेलतो, तेवढाच नव्याने पेलावा अशी हवा भार-हवेच्या तक्त्यातून काढावी. दारावर ३० ते ३५ लिहिलेले असेल तर त्यातून चाळिशीच्या पुढचा आकडा निघतो. दुसऱ्या मताचे लोक म्हणतात, मूळ टायरची क्षमता गाडीच्या गरजेहून बरीच जास्त असते. मागच्या धुऱ्यावर पूर्ण भारात १५०० किलो येत असतील तर चाकाला ७५० पुरेत, मग उगीच दगडासारखा टायर का करायचा? काही जण नक्षीवर खडूची रेघ ओढून गाडी थोडी चालवतात आणि रेघ सर्वत्र सारखी पुसली जाईपर्यंत हवा कमी-जास्त करतात. जमिनीला टायर सपाट टेकतो की नाही, एवढे खडू सांगतो. भर उन्हात, भरल्या गाडीत तीन तास धावल्यावर टायर आत किती तापेल, हे तो सांगत नाही. अनोळखी भारासाठी पहिली पद्धत जास्त सुरक्षित आहे, चालीसाठी दुसरी. ज्याला धुऱ्यांचे खरे वजन माहीत आहे, त्यानेच दुसऱ्या पद्धतीकडे जावे.

दुसरा टीपीएमएसचा. अमेरिकी नियमानुसार शिफारशीपेक्षा हवा २५ टक्क्यांनी घटली की दिवा लागावा. ३५ची शिफारस असेल तर दिवा सुमारे २६वर लागेल. पण एलटीला ४५ हवे असतील, तर तो २६वर येईपर्यंत बराच वेळ धोक्यात धावलेला असेल आणि दिवा गप्प. काही गाड्यांत मर्यादा बदलता येते, कित्येकांत येत नाही.

तिसरा रिम आणि व्हॉल्वचा. साधे रबरी व्हॉल्व ६५ पीएसआयपर्यंतचेच असतात आणि कारच्या रिमलाही मर्यादा असते. ई रेंजचा टायर ८० पर्यंत जातो म्हणून तो तिथे न्यायचाच नसतो, पण दुकानात हे कोणी विचारत नाही.

चौथा कायद्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे निर्मात्याच्या तपशिलापासून दूर जाणाऱ्या बदलांवर बंधने आहेत आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती अधोरेखित केली. माप तेच ठेवून जात बदलली तर तो बदल कुठे मोडतो, हे दुकानात तरी ठामपणे सांगितले जात नाही. माप वाढवले तर प्रश्न अधिक टोकदार. अपघातानंतर विमा कंपनी काय म्हणेल, हे आधी लेखी विचारून घेतलेले बरे.

पाचवा बॅटरीचा. विजेवरच्या एसयूव्ही त्याच आकाराच्या पेट्रोल गाड्यांपेक्षा जड असतात. त्यांच्यासाठी एलटीऐवजी एक्सएल आणि त्याहून वरचा 'एचएल' हा पॅसेंजर वर्ग वाढवण्याकडे उद्योगाचा कल आहे, कारण लोळण्याचा अवरोध वाढला की एका चार्जिंगमध्ये कापले जाणारे अंतर घटते. पॅसेंजर आणि लाइट ट्रक यांतली सीमा पुढच्या काही वर्षांत इथूनच पुसट होईल असे दिसते.

मग काय घ्यावे

कंपनीने एलटी दिला असेल तर एलटीच घ्या. पॅसेंजर दिला असेल आणि गाडी शहरात व हमरस्त्यावर धावत असेल तर त्याच मापाचा, भारांक आणि वेगश्रेणी मूळच्याहून कमी नसलेला पॅसेंजर टायर घ्या. कच्च्या रस्त्याचे प्रमाण जास्त असेल तर एक्सएल ए/टी. रोजचीच वाट दगडांची असेल, किंवा गाडी सतत भरलेली असेल, तर एलटी योग्य. पण आधी टायर कंपनीकडून त्या मापाचा भार-हवेचा तक्ता मागून घ्या, त्यावरून तुमचा आकडा काढा आणि तो दारावरच्या जुन्या पट्टीशेजारी चिकटवा. चारही चाके एकाच जातीची ठेवा, स्टेपनीसकट. आणि हवा सकाळी, गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने मोजा. चांगला गेज एका टायरच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात मिळतो.